जागल्याचं बलुतं

गेल्या पावसाळ्यात सोलापुरात आमच्या भागातल्या वाचनालयात रस्त्यांच्या दर्जावर चर्चा ठेवली होती. एप्रिलमध्ये डांबर पडलेला वसाहतीतला रस्ता जुलैत खडीवर आला होता, त्यामुळे माणसं बरीच जमली. बोलता बोलता एका तरुण वकिलाने सूचना मांडली. सरकारी कामातली मक्तेदाराची, म्हणजे ठेकेदाराची, लबाडी आतल्या माणसाने पुराव्यानिशी उघड केली आणि त्यातून पैसे वसूल झाले, तर त्या वसुलीतला ठरावीक हिस्सा कायद्याने त्याला मिळावा. पुढचा तासभर नुसता कल्ला झाला. ज्यांच्याबद्दल मला फार आदर आहे असे एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "देशाच्या कामाचा मोबदला मागणारा उद्या देशही विकेल." मागच्या खुर्च्यांवरून आवाज आला, "खंडणीवाल्यांची दिवाळी होईल की हो मग." सूचनेच्या बाजूचे लोकही धड काही बोलले नाहीत, अधिकारी चोर, मक्तेदार चोर, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिले. चोरी नेमकी दिसते कोणाला, ज्याला दिसते तो रात्री घरी जाऊन काय हिशेब मांडतो, आणि आजचा कायदा त्याच्या पदरात काय टाकतो, हे कोणी विचारलंच नाही.

मी त्या वकिलाच्या बाजूचा आहे, आणि पूर्ण मनाने आहे. सार्वजनिक पैशाची चोरी सिद्ध करून देणाऱ्याला वसुलीत वाटा मिळाला पाहिजे. तो साहेबांच्या मर्जीवरचं बक्षीस म्हणून नको, हक्क म्हणून हवा. सरकार हललं नाही तर सरकारच्या वतीने स्वतः दावा लावण्याची मुभाही त्याला हवी. अशा माणसासाठी मराठी वर्तमानपत्रांनी 'जागल्या' हा शब्द रूढ केला. शब्द फार चांगला निवडला, पण त्याचा अर्थ आपण अर्धाच घेतला. गावगाड्यात जागल्या रात्री गस्त घाली, चोराची चाहूल लागली की हाळी देई, आणि सुगीत त्याला धान्याचा वाटा मिळे. त्या व्यवस्थेतला जातीचा जाच मला ठाऊक आहे आणि ती परत यावी असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण रात्रभर जागणाऱ्याने उपाशीपोटी जागावं, असं त्या गावालाही वाटत नव्हतं.

हे मत माझं पुस्तकातून झालेलं नाही. मी करसल्लागार आहे. तीस वर्षं लोकांच्या हिशेबाच्या वह्या पाहतो. २०१९ च्या उन्हाळ्यात एक मुनीम माझ्याकडे आला. त्याची ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलून सांगतो. राहायला विडी घरकुल वसाहतीत, बायको विड्या वळणारी, वडिलांचं आयुष्य यंत्रमागावर गेलेलं. हा बी. कॉम. करून एका रस्ते बांधणाऱ्या मक्तेदाराकडे बिलांच्या फायली लावायचं काम करत होता. त्याने रेक्झिनच्या पिशवीतून दोन झेरॉक्स काढल्या आणि माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही डांबराच्या चलनाच्या. रिफायनरीतून टँकर भरून निघताना जे चलन मिळतं ते बिलाला जोडावं लागतं; एवढं डांबर खरंच आणलं, याचा तो पुरावा. दोन्हींवर चलन क्रमांक एकच, तारीख एकच, टँकरचा नंबर एकच. एक प्रत एका कार्यालयाच्या बिलाला लागली होती, दुसरी दुसऱ्या कार्यालयाच्या. "मूळ प्रत दोघंही मागतात हो काका," तो म्हणाला, "दुसरी रंगीत झेरॉक्स आहे. शिक्का मी परत मारलाय." हे शेवटचं वाक्य बोलताना त्याची नजर टेबलावरून वर आली नाही.

या एका कागदाची किंमत किती? एक किलोमीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद रस्त्यावर तीस मिलिमीटरचा थर द्यायचा तर सुमारे चारशे टन माल लागतो. त्यात पाच टक्के डांबर धरलं तर वीस टन, म्हणजे साधारण एक मोठा टँकर. टनाचा भाव पन्नास हजार धरला तर दहा लाख रुपये. तोच टँकर दोन रस्त्यांवर दाखवला की कुठल्या तरी एका रस्त्यावर थर पातळ पडतो, किंवा खडीला डांबराचा नुसता हात लागतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात खडी सुटते. आता ही चोरी पकडणार कोण? एका कार्यालयाच्या लेखापरीक्षकाने आपली फाइल कितीही उलटसुलट केली तरी त्याला चलन बरोबरच दिसणार, दुसऱ्यालाही बरोबरच दिसणार. रस्त्याचा गाभा कापून तपासला तर थर कमी निघेल, पण त्यावर 'वाहतुकीने झिजला' हे उत्तर तयार असतं. मालक सोडला तर दोन्ही फायली एकाच वेळी ज्याच्या हातात होत्या असा एकच माणूस होता, आणि तो महिना चौदा हजारांवर राबणारा, माझ्यासमोर बसलेला. टँकरच्या खोट्या खेपा चालकाला ठाऊक असतात. सफाईच्या ठेक्यातली खोटी नावं हजेरी घेणाऱ्या मुकादमाला ठाऊक असतात, आणि सिमेंटच्या किती गोण्या आल्या हे गोदामावरच्या पोराला. दर्जा तपासणारी मंडळं, त्रयस्थ संस्थेचे अहवाल, स्थानिक निधी लेखापरीक्षा यांना मी निरुपयोगी म्हणत नाही. पण त्यांच्या हातात कागद पडतो, आणि खोटा केलेला असतो तो कागदच.

"काय करता येतंय, सांगा की," तो म्हणाला. मी चार दिवस मागून घेतले आणि जे जे मार्ग दिसले ते तपासले. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक सर्वांना पाठ आहे, पण त्या खात्याचं मुख्य हत्यार सापळा. पावडर लावलेल्या नोटा द्यायच्या, घेणाऱ्याचे हात धुवायचे, पाणी गुलाबी झालं की माणूस सापडला. त्यात पाच हजार घेणारा लिपिक सापडतो. मोजमाप पुस्तकात न झालेलं काम लिहिणाऱ्याच्या हाताला पावडर लागत नाही. शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीने अधिकाऱ्याच्या निर्णयाची चौकशी सुरू करायला आधी सरकारची परवानगी लागू केली होती आणि जागेवर पकडण्याच्या कारवाईला तेवढी सूट ठेवली होती. म्हणजे छोटा मासा परवानगीशिवाय, मोठा परवानगीने. पोलिसांत फसवणुकीची फिर्याद द्यावी तर फिर्यादी म्हणून नाव याचं, आणि शिक्का यानेच मारलेला, म्हणून आरोपींतही नाव याचंच. लोकायुक्ताचा कायदा महाराष्ट्राने १९७१ मध्ये केला, आणि लोकायुक्त देशात सर्वांत आधी नेमला. पण त्या कायद्यात लोकायुक्त शिफारस करतो, तिचं पुढे काय करायचं ते सरकार ठरवतं.

माहितीचा अधिकार उरला. २००५ च्या त्या कायद्यात एक तरतूद आहे, जिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. माहिती मागणं म्हणजे फक्त कागदाच्या नकला मागणं नव्हे. चालू कामाची पाहणी करता येते आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. दहा रुपयांच्या अर्जावर रस्त्याचा तुकडा मागता येतो, ही साधी गोष्ट नव्हे. पण अर्जावर नाव-पत्ता लागतो, आणि आपल्याच राज्यात तळेगाव दाभाड्यात माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला, ते सकाळी फिरायला बाहेर पडले असताना. यात मुनिमाची अडचण आणखी वेगळी होती. बाहेरच्या माणसाने दोन्ही कार्यालयांतून नेमकी हीच दोन बिलं मागितली की ती कोणाच्या सांगण्यावरून मागितली, हे मालकाला त्याच संध्याकाळी कळलं असतं.

केंद्रीय दक्षता आयोगाकडे नाव गुप्त ठेवून तक्रार करण्याची सोय २००४ पासून आहे. ती कशी आली हे सोलापूरकरांनी लक्षात ठेवावं, कारण मूळ प्रकरण रस्त्याच्या मक्त्याचंच होतं. सत्येंद्र दुबे हा आयआयटी कानपूरचा अभियंता सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या झारखंडमधल्या टप्प्यावर नेमलेला होता. निकृष्ट काम आणि पोटमक्तेदारांना परस्पर दिलेली कामं यांबद्दल त्याने २००२ मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं. आपलं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते पत्र त्याच्या नावासकट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गयेत त्याला गोळी घालून मारलं. न्यायालयाने पुढे तो खून लुटीच्या हेतूने झाल्याचं धरून तिघांना जन्मठेप दिली, आणि तो निकाल मी बाजूला सारत नाही. पण नाव फुटलं होतं, हे कोणीच नाकारलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या रेट्यानंतर सरकारने नाव गुप्त ठेवण्याची ही सोय देणारा ठराव काढला. मात्र तो केंद्राच्या कर्मचाऱ्यांपुरता आणि केंद्राच्या संस्थांपुरता आहे. महापालिका, जिल्हा परिषद, राज्याचं बांधकाम खातं त्याच्या बाहेर. संसदेने २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो अंमलातच आणला नाही. २०१५ मध्ये त्याला कमजोर करणारं दुरुस्ती विधेयक लोकसभेत संमत झालं, राज्यसभेत अडकलं आणि विरून गेलं. तो कायदा उद्या लागू झाला तरी त्याचा रोख लोकसेवकावर आहे. मक्तेदाराने एकट्याने केलेली लबाडी त्यात जेमतेमच येते. कंपनी कायद्यात तक्रारीची अंतर्गत यंत्रणा आहे, पण ती शेअर बाजारातल्या आणि मोठं कर्ज काढणाऱ्या कंपन्यांना. आपल्याकडे रस्ते बांधणाऱ्या भागीदारी पेढ्यांचा तिच्याशी काय संबंध?

चार दिवसांनी तो आला तेव्हा मी त्याला सांगितलं, कागद माझ्याकडे ठेव आणि गप्प राहा. दोन मुलांचा बाप समोर बसलेला असताना मला दुसरं काही सांगता आलं नाही. त्या सल्ल्याचं ओझं माझ्यावर आहे.

त्या शिक्षकांचा आक्षेप मी याच संदर्भात ऐकला आणि म्हणूनच तो मला लागला. या शहराला त्याग शिकवावा लागत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा हे चौघे १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेले. त्यांच्या पुतळ्यांसमोरून आपण रोज जातो. पण त्या चौघांना आपण थोर मानतो ते सगळ्यांना तसं होता येत नाही म्हणूनच ना? मग चौदा हजारांच्या मुनिमाने पाचवा व्हावं, ही अपेक्षा कशाच्या जोरावर? सिंचन प्रकल्पांतल्या गैरव्यवहारांबद्दल २०१२ मध्ये विजय पांढरे यांनी पत्र लिहिलं, राज्य हादरलं. ते मुख्य अभियंता होते. आयुष्यभराचा अधिकार आणि अनुभव त्या पत्रामागे उभा होता, तरी ते धैर्याचंच काम होतं. ज्याच्यामागे असलं काहीच नाही त्याच्याकडून आपण त्याच धैर्याची फुकट मागणी करतो. मक्तेदाराला हे पक्कं ठाऊक असतं. २०१९ च्याच दिवाळीत मालकाने त्या मुनिमाच्या हातात वीस हजारांचं पाकीट ठेवलं. कशाचं, ते त्याने सांगितलं नाही आणि याने विचारलं नाही.

आता अमेरिकेकडे पाहू. चांगली युक्ती कुठूनही घ्यावी. तिथलं यादवी युद्ध चालू असताना लष्कराला माल पुरवणाऱ्या मक्तेदारांनी सरकारला अक्षरशः लुटलं. तेच घोडे सरकारला पुन्हा पुन्हा विकल्याच्या कथा आजही सांगतात. आणि चिंध्या दळून दाबलेल्या कापडाचे गणवेश पहिल्या पावसात विरून गेले. चादरीच्या गावाला असल्या कापडाबद्दल अधिक सांगायला नको. आमच्या दोन चलनांचाच हा थोरला भाऊ. २ मार्च १८६३ ला अब्राहम लिंकन यांनी कायद्यावर सही केली. त्यानुसार कोणाही नागरिकाला सरकारच्या वतीने त्या मक्तेदारावर दावा लावता येत असे, आणि वसुलीतला निम्मा हिस्सा त्याला मिळे. १९८६ पासून त्या कायद्याचं आजचं रूप असं आहे: दावा सीलबंद दाखल होतो, निदान साठ दिवस मक्तेदाराला त्याचा पत्ता नसतो, तेवढ्यात सरकार तपास करतं. सरकारने दावा हाती घेतला तर माहिती देणाऱ्याला पंधरा ते पंचवीस टक्के, आणि सरकारने हात झटकले पण त्याने एकट्याने लढून जिंकला तर पंचवीस ते तीस टक्के. मक्तेदाराकडून वसूल करायचं ते नुकसानीच्या तिप्पट, वर दंड. नोकरीवरून काढलं तर नोकरी परत आणि बुडालेला पगार दुप्पट. सप्टेंबर २०२४ ला संपलेल्या वर्षात असे ९७९ दावे दाखल झाले, तोवरच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त. त्या वर्षात या कायद्याखाली तिथल्या सरकारच्या पदरात २९० कोटी डॉलरहून अधिक रक्कम पडली. रॅनबॅक्सी या औषध कंपनीचं प्रकरण आपल्याला जवळचं. औषधांच्या चाचण्यांची खोटी आकडेवारी दिनेश ठाकूर या भारतीय अभियंत्याने उघड केली. कारखाने भारतातले, पौंटा साहिब आणि देवासचे. दावा लागला अमेरिकेत, २०१३ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले, आणि ठाकूर यांना सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर मिळाले. ती औषधं आपणही खात होतो. आपल्या कायद्यात त्यांना कोणतं दार उघडं होतं?

"हे परदेशी खूळ आहे" असं त्या सभेत कोणी तरी म्हणालं, म्हणून कौटिल्याकडे वळतो. राजाच्या पैशावर डल्ला मारण्याचे चाळीस प्रकार मोजून झाल्यावर अर्थशास्त्रात सरळ नियम दिला आहे. अपहार सिद्ध करून देणाऱ्या सूचकाला त्या रकमेचा सहावा हिस्सा. तो नोकर असेल तर बारावा. सिद्ध झालं नाही तर त्याला दंड. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या माणसाला ठाऊक होतं की पाण्यातला मासा पाणी कधी पितो हे काठावरून कळत नाही, म्हणून पाण्यातलाच कोणी तरी बोलता केला पाहिजे. आणि आजचं आपलं सरकारही माहितीचे पैसे देतंच की. तस्करीचा माल पकडून देणाऱ्याला सीमाशुल्क खातं वीस टक्क्यांपर्यंत देतं. परदेशातला काळा पैसा सांगणाऱ्याला आयकर खात्याने २०१८ मध्ये पाच कोटींपर्यंतची योजना काढली, बेनामी मालमत्तेसाठी एक कोटीपर्यंतची. शेअर बाजारातल्या आतल्या गोटाच्या व्यवहाराची खबर देणाऱ्याला सेबी २०१९ पासून बक्षीस देते, आणि २०२१ मध्ये त्याची कमाल रक्कम एक कोटीवरून दहा कोटींवर नेली. या सगळ्यांत देशभक्ती बाटत नाही, मग रस्त्याच्या डांबरातच ती कशी बाटते? मला दिसतं ते कारण साधं आहे. कर चुकवणारा आणि तस्कर सरकारच्या बाहेर उभा असतो. मक्तेदाराच्या बिलाला मात्र आतल्या टेबलांवर टक्केवारी लागलेली असते.

खंडणीचा आक्षेप मी हलका मानत नाही. माहितीचा अर्ज टाकायचा, मक्तेदाराला फोन करायचा, पाकीट मिळालं की अर्ज मागे घ्यायचा, हा धंदा आपल्या जिल्ह्यात चालतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण त्या धंद्यात विकलं काय जातं? गप्प बसणं. आज आपल्याकडे गप्प बसण्याला भाव आहे आणि बोलण्याला शून्य. वाट्याचा कायदा बोलण्याला भाव देतो. तोही वसुली झाल्यावरच, न्यायालयाच्या नजरेखाली, आणि सीलबंद दाव्यात, म्हणजे मक्तेदाराला धमकावायची सोयच उरत नाही. दाव्याची वाच्यता झाली तर दावा धोक्यात. माझ्या मुनिमाचं गणित मांडू. दहा लाखांची चोरी, तिप्पट वसुली तीस लाख, कौटिल्याचा नोकराचा बारावा न धरता सहावा हिस्सा धरला तर पाच लाख. वीस हजारांच्या पाकिटासमोर पाच लाख, आणि ते उजळ माथ्याने. चौदा हजारांच्या हिशेबाने हा त्याचा तीन वर्षांचा पगार होतो. याला मी चैन म्हणणार नाही. एकदा मक्तेदाराविरुद्ध गेलेल्या माणसाला शहरातला दुसरा मक्तेदार दारात उभा करत नाही, आणि तीन वर्षांत माणूस नवा धंदा जमवू शकतो, एवढंच.

आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारेही येतील, आणि अमेरिकेत आले होते. पिट्सबर्गमध्ये विजेच्या कामांच्या मक्तेदारांनी निविदांत संगनमत केलं, सरकारने खटला भरला, आणि एकाने त्या खटल्याचेच आरोप उचलून आपला दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये तो ग्राह्य धरला, तेव्हा चिडलेल्या संसदेने त्याच वर्षी कायदा इतका आवळला की तो चाळीस वर्षं निजून राहिला. यातून धडा घ्यायचा तो आधीच जाहीर झालेल्या माहितीवर हिस्सा नाही, एवढाच. तिथला आजचा कायदा तेच करतो.

"पण तो मुनीम स्वतः सामील होता, शिक्का त्यानेच मारला." खरं आहे. १८६३ च्या चर्चेत सिनेटर जेकब हॉवर्ड यांनी उघडच सांगितलं होतं की चोर पकडायला चोर लावण्याची ही जुनी रीत आहे. आपण तिला काट्याने काटा काढणं म्हणतो. कारस्थान ज्याने रचलं त्याचा हिस्सा कमी व्हावा, ज्याच्यावर गुन्हा शाबीत झाला त्याला काहीच मिळू नये. अमेरिकेतही तसंच आहे. पण मालकाने सांगितलं म्हणून शिक्का मारणारा आणि शिक्का मारायला लावणारा यांना एकाच मापाने मोजलं तर आतून कोणी कधी बोलणारच नाही.

न्यायालयीन विलंबाचा आक्षेप मात्र मला सगळ्यांत जड वाटतो, कारण त्याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. आपल्याकडे दिवाणी दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. हिस्सा नातवाच्या हाती पडणार असेल तर आज कोण बोलेल? एवढंच म्हणतो की फौजदारी खटल्यात आरोप निःसंशय सिद्ध करावा लागतो, दिवाणी वसुलीत संभाव्यतेचा तोल पुरतो, आणि तिप्पट रकमेची टांगती तलवार असली की मक्तेदार लवकर तडजोडीला येतो. शिवाय मक्तेदाराची सुरक्षा अनामत आणि पुढची बिलं सरकारच्याच हातात असतात. वसुलीसाठी त्याच्या दारात जप्ती न्यावी लागत नाही. खाजगी माणसाने सरकारच्या वतीने का भांडावं, असाही प्रश्न आहे. फ्लोरिडातल्या एका केंद्रीय न्यायाधीशांनी २०२४ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे मात्र सार्वजनिक उपद्रवाबद्दल न्यायालयाच्या परवानगीने दोन नागरिकही दावा लावू शकतात, हे दिवाणी प्रक्रिया संहितेत आहेच. जनहित याचिकेची परंपरा तर चाळीस वर्षांहून जुनी.

उरला तो मनातला आक्षेप, जो कोणी कागदावर मांडत नाही: खाल्ल्या घरचे वासे मोजायचे नसतात. या एका म्हणीने मक्तेदारांची जितकी राखण केली तितकी कुठल्या वकिलाने केली नसेल. पण घर कोणाचं? मुनिमाचा पगार मक्तेदाराच्या बिलातून निघतो, बिल महापालिकेच्या तिजोरीतून, आणि तिजोरीत घरपट्टी भरतो तुम्ही-आम्ही, पाण्यासाठी चार-चार दिवस थांबणारी माणसं. खाल्लं ते घर आपलं आहे आणि वासे चोरीला गेलेत. जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते, सरकारी कामं घेत होते, आणि इंजिनीअर खात्यातली लबाडी त्यांनीच लिहून चव्हाट्यावर मांडली. त्यांना खाल्ल्या घरचे वासे मोजणारे म्हणायचं का?

संरक्षण आधी की वाटा आधी, हा वाद मला फोल वाटतो. २०१४ चा कायदा लागू करायला केंद्राने एक अधिसूचना काढायची आहे. वाट्याची योजना राज्य सरकार शासन निर्णयाने सुरू करू शकतं. आयकर खात्याची योजना कुठल्या नव्या कायद्याने आली नाही. निविदेच्या अटींत महापालिका एक कलम घालू शकते, की मक्तेदाराने खबर देणाऱ्या कामगाराला काढलं तर अनामत जप्त. दोन्ही कार्यालयांची डांबराची चलनं एका संगणकीय नोंदीत आली तर माझ्या मुनिमाने दाखवलेली चोरी यंत्रालाच दिसेल, आणि तसं व्हावंच. पण मक्तेदार दुसरा मार्ग शोधेल, आणि तो मार्ग पहिल्यांदा दिसेल पुन्हा फायली लावणाऱ्यालाच.

त्या दोन झेरॉक्स माझ्या कपाटात आहेत. मी स्वतः त्या घेऊन कुठे गेलो नाही, कारण त्या कोणाच्या हातून आल्या हे लपवता येणार नाही. बिलं मार्च २०१९ ची, मार्चअखेरच्या गर्दीत पास झालेली. २०१४ च्या कायद्यात सात वर्षांपूर्वीच्या कृत्याची तक्रार घेता येत नाही. या बिलांची ती मुदत मार्च २०२६ पर्यंतची. मुनिमाने मध्येच ती नोकरी सोडली. आता अक्कलकोट रोडला टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब लिहितो, पगार थोडा कमी आहे. सिद्धेश्वराच्या यात्रेत गर्दीत भेटला, धाकट्या पोरीला खांद्यावर घेऊन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने आवाज खाली आणून विचारलं, "कागद आहेत ना काका अजून?"

आहेत म्हणालो.